जमशेदजी टाटा आणि कोळशाची वाहतूक

जमशेदजी नसरवानजी टाटा (३ मार्च १८३९, नवसारी – १९ मे १९०४, बाड नाउहाइम, जर्मनी) हे भारतीय उद्योगपती होते. त्यांच्या बहुतेक मोठ्या उद्योगांच्या जागा कोळसा कोठून व किती खर्चात आणता येईल, यावरून ठरल्या. चरित्रग्रंथांत त्यांच्या दूरदृष्टीवर जेवढा भर दिला जातो, तेवढा या व्यवहारी हिशेबावर दिला जात नाही.

मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नव्हती. तेथील गिरण्यांचे बॉयलर दीर्घकाळ इंग्लंडहून जहाजाने येणाऱ्या कोळशावर चालत. पुढे बंगालचा कोळसा येऊ लागला, तरी अंतरामुळे तो महागच पडे.

१८६९ मध्ये जमशेदजींनी चिंचपोकळी येथील दिवाळखोर तेलगिरणी विकत घेऊन तेथे कापडगिरणी काढली व दोन वर्षांनी विकली. पुढच्या गिरणीसाठी मात्र त्यांनी नागपूर निवडले. बंदरापासून इतक्या दूर गिरणी काढणे तेव्हाच्या रूढीविरुद्ध होते. तथापि १८६७ मध्ये नागपुरास रेल्वे पोहोचली होती, कापूस भोवतीच पिकत होता आणि चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यातील वरोऱ्याची सरकारी कोळसाखाण जवळ होती. या खाणीसाठी वर्ध्याहून स्वतंत्र लोहमार्ग टाकण्यात आला. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

१८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयी जर्मन तज्ज्ञ फॉन श्वार्ट्‌झ यांचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा जवळजवळ असल्याने पोलाद तेथेच करता येईल, असे त्यांना वाटले. वरोऱ्याच्या कोळशाची त्यांनी चाचणी करून घेतली. बॉयलरला चालणारा हा कोळसा पोलादासाठी निरुपयोगी ठरला आणि योजना मागे पडली. खुद्द ती खाणही १९०६ मध्ये बंद झाली.

मुंबईपुरता त्यांनी वेगळा विचार केला. कोळसा वाहून आणण्याऐवजी सह्याद्रीतील पावसाचे पाणी अडवून वीज आणावी, ही डेव्हिड गॉस्लिंग यांची कल्पना त्यांनी उचलून धरली. ती त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

पोलादाचा कारखानाही त्यांचे पुत्र दोराबजी यांच्या काळात उभा राहिला. मयूरभंजचे लोहखनिज आणि झरियाचा कोळसा दोन्ही रेल्वेने आणता येतील अशी साकची (आजचे जमशेदपूर) येथील जागा निवडण्यात आली. तेथे १९१२ मध्ये पहिले पोलाद तयार झाले.