बालवीरांचे जनक

शाळेच्या मैदानावर बालवीरांचे पथक रांगेत उभे राहिले, म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम त्यांच्या गणवेशावरील रंगीत खुणांकडे जाते. कोणाच्या खांद्यावर फीत, कोणाच्या खिशावर पट्टी, तर कोणाच्या बाहीवर बिल्ला असतो. या खुणा केवळ शोभेसाठी नसतात. त्या धारण करणाऱ्याला त्याच्या कर्तव्याची आठवण देतात. ही प्रथा ज्यांनी सुरू केली, ते रॉबर्ट बेडन-पॉवेल होत.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. परंतु रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच त्यांचे निधन झाले आणि मुलांच्या संगोपनाचा सारा भार आईवर पडला. शाळेत रॉबर्टचे मन पुस्तकांपेक्षा शेजारच्या रानात अधिक रमे. तेथे जाण्यास मुलांना मनाई होती. तरीही शिक्षकांची नजर चुकवून तो झाडीत लपे, पशुपक्ष्यांचा माग काढी आणि धूर दिसणार नाही अशा बेताने चूल पेटवून अन्न शिजवी. खोडकरपणातून मिळालेली ही विद्या पुढे जगातील असंख्य मुलांच्या उपयोगी पडली.

१८७६ साली ते सैन्यात दाखल झाले. त्याच वर्षी मुंबई बंदरात उतरून ते लखनौच्या छावणीत गेले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील युद्धात मॅफेकिंग या गावाच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर आली. १८९९ च्या ऑक्टोबरात पडलेला वेढा २१७ दिवस टिकला. त्या काळात उपासमारीची सर्वांत तीव्र झळ तेथील आफ्रिकी रहिवाशांना सोसावी लागली. लढणारी माणसे थोडी होती. म्हणून गावातील मुलांचे एक पथक निरोप पोचविण्याच्या कामी लावण्यात आले. विश्वास टाकला, तर लहान मुलेही मोठ्या जबाबदाऱ्या पार पाडतात, हे बेडन-पॉवेल यांना तेथे प्रत्ययास आले.

या अनुभवाची परीक्षा त्यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये केली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांतील काही मुले श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील होती, तर काही कष्टकऱ्यांच्या घरची. त्या काळी ही मुले एका पंक्तीस बसण्याचा प्रसंगच येत नसे. बेडन-पॉवेल यांनी त्यांना एकत्र मिसळून चार तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक मुलाच्या खांद्यावर लोकरीच्या धाग्यांचा एक रंगीत झुबका लावला. लांडगा तुकडीचा रंग निळा, बैलांचा हिरवा, कुरल पक्ष्यांचा पिवळा आणि डोमकावळ्यांचा तांबडा. मुलाचे घर कोणते, हे विचारण्याचे कारणच उरले नाही. त्याची तुकडी कोणती, एवढे खांद्यावरील रंग पाहून कळे. लाकडे गोळा करणे, स्वयंपाक करणे, पहारा देणे ही कामे सर्वांनी वाटून घेतली.

पुढील वर्षी त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ठिकठिकाणी मुलांनी आपण होऊन पथके काढली. चळवळ वाढली, तशा खुणाही वाढल्या. तुकडीनायकाच्या डाव्या खिशावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि उपनायकाच्या खिशावर एक, असा संकेत इंग्लंडमध्ये रूढ झाला. लहान कबांना पिवळा, स्काउटांना हिरवा आणि तरुण रोव्हरांना तांबडा रंग मिळाला. जागतिक बिल्ल्यावर जांभळ्या पार्श्वभूमीवर पांढरे चिन्ह असते. पांढरा रंग मनाची शुद्धता सुचवितो, आणि जांभळा नेतृत्व व सेवा.

भारतात १९०९ साली पथके निघाली. परंतु आरंभी त्यांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. जी चळवळ गरीब-श्रीमंत हा भेद पुसण्यासाठी निघाली, तिच्यातच वर्णाचा भेद शिरला होता. तेव्हा डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासमध्ये, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी उत्तर भारतात भारतीय मुलांसाठी संघटना उभ्या केल्या. १९२१ साली बेडन-पॉवेल भारतात आले आणि बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत सामील झाली. मालवीयांची संघटना मात्र स्वतंत्र राहिली. १९३७ मध्ये बेडन-पॉवेल यांच्याच एका वक्तव्याने भारतीयांची मने दुखावली, आणि दुरावा वाढला. थोर पुरुषांच्या हातूनही उणीव घडते. पण त्यांनी लावलेले रोप चांगले असेल, तर इतर जण ते जोपासतात. स्वतंत्र भारतात ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था स्थापन झाली. तिच्या गडद निळ्या ध्वजावरील पिवळ्या चिन्हात अशोकचक्र विराजमान आहे.

८ जानेवारी १९४१ रोजी केनियातील न्येरी येथे बेडन-पॉवेल यांचे निधन झाले. त्यांच्या समाधीच्या शिळेवर एक वर्तुळ व त्याच्या मध्यभागी एक बिंदू कोरलेला आहे. रानातील वाटेवर ही खूण दिसली, की पुढे गेलेला सोबती घरी पोचला, असे बालवीर समजतात.