हाफकिनची बाटली

निडी हे स्टेशन आपल्या हॉस्टेलवर फारसं कुणाला माहीत नाही. दिवा-रोहा गाडीत नागोठणं गेलं की लोक आता रोहा येणार म्हणून बॅगा खाली काढायला लागतात. त्या गडबडीत मधेच गाडी एक मिनिट थांबते, ते निडी. माझं गाव. भातशेतीचं गाव असल्यामुळे पावसाळ्यात साप निघणारच, आणि साप चावला की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, हाफकिन. हाफकिनचं इंजेक्शन आहे का, हाफकिन मिळालं का! लहानपणी मला वाटायचं हे औषधाचंच नाव असणार, क्रोसिन असतं तसं. तो एक माणूस होता हे मला बारावीनंतर कळलं. आणि सापाच्या लशीशी त्याचा स्वतःचा काही संबंध नव्हता, परळच्या संस्थेला फक्त त्याचं नाव दिलंय, हे तर त्याच्याही नंतर.

या माणसाबद्दल लिहायचं ठरवलं त्याला कारण मात्र साप नाही, म्हशी आहेत. ते आधी सांगतो.

माझी आत्या दुसऱ्या तालुक्यात दिलेली. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दोन दुभत्या म्हशी ओढ्याचं पाणी पिऊन एका दिवसात गेल्या. मासे मारायला कुणीतरी ओढ्यात औषध टाकलं होतं असा संशय. एका माणसाचं नावही पुढे आलं. पोलीस आले, पंचनामा झाला, पाण्याचा नमुना घेतला. कशात घेतला? तिथेच कुणीतरी आणून दिलेल्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. तपासणीत पाण्यात कीटकनाशक सापडलं. मामांना वाटलं, झालं काम. केस उभी राहायला चार वर्षं लागली आणि समोरच्या वकिलांनी मामांना विचारलं की बाटली कुणी दिली, आधी तिच्यात काय होतं, धुतली होती का, सील कुणी केलं. मामांना एकाचंही उत्तर देता आलं नाही. पंचाला तर बाटली काचेची की प्लॅस्टिकची हेही आठवेना. आरोपी सुटला. तो खरोखर निर्दोष असेलही! वाईट याचं वाटतं की त्यानेच केलं की नाही हे आता कुणालाच, कधीच कळणार नाही. मामांना शंका आयुष्यभर पुरणार आणि त्या माणसाला गावाची नजर.

तर अशीच एक बाटली हाफकिनच्या आयुष्यात आली होती.

वाल्डेमार हाफकिनचा जन्म १८६० सालचा, तेव्हाच्या रशियातल्या ओडेसा शहरातला. ज्यू कुटुंब. ओडेसाच्या विद्यापीठात तो प्राणिशास्त्र शिकला, गुरू होते मेचनिकॉफ, ज्यांना पुढे नोबेल मिळालं. ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा हा पोरगा बचाव करणाऱ्यांच्या टोळीत होता, जखमी झाला, अटकही झाली. मेचनिकॉफनी खटपट करून त्याला सोडवलं. धर्म बदलला असता तर तिथेच नोकरी मिळाली असती. त्याने बदलला नाही. मग जिनिव्हा, आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत चक्क लायब्ररीतला मदतनीस. ग्रंथपालाच्या टेबलावरून उठून तो प्रयोगशाळेत शिरला आणि १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस घेऊन बाहेर आला. पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये तो भारतात आला आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत ४०,००० च्या वर लोकांना कॉलऱ्याची लस टोचली.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हाफकिन डॉक्टर नव्हता. शिवाय इंग्रजांच्या राज्यात तो रशियन, आणि त्यातून ज्यू. सरकारी डॉक्टरांना तो खटकत होताच.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. पुढचं आपण शाळेत शिकलोय. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, जूनमध्ये चाफेकरांनी रँडला मारलं. पण त्याच काळात भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एका व्हरांडावजा जागेत एक कारकून आणि तीन शिपाई घेऊन हाफकिन काय करत होता, ते पुस्तकात नसतं. आम्हा केमिकलवाल्यांना हा भाग फार आवडेल. त्याला प्लेगचे जंतू भरपूर प्रमाणात वाढवायचे होते. त्याने बकऱ्याच्या मांसाचा रस्सा घेतला, म्हणजे हिंदू-मुसलमान दोघांचीही तक्रार नको, आणि वर तुपाचे थेंब सोडले. आपलं घरातलं तूप! तुपाच्या तवंगाला धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेत छतावरून चुन्याचे सुळे लोंबतात तसे. फ्लास्क हलवला की खाली पडायचे आणि पुन्हा नवे वाढायचे. मग सगळं तापवून जंतू मारायचे, वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, झाली लस. १० जानेवारी १८९७ ला त्याने स्वतःला १० सीसी टोचून घेतली, नंतर लोकांना दिलेल्या डोसपेक्षा कितीतरी जास्त. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग घुसला तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्ही गट एकाच छताखाली, एकाच अन्नावर. फरक सरळ दिसला. आगाखानांनी स्वतः लस घेतली, अनुयायांना घ्यायला लावली आणि जागाही दिली. १८९९ मध्ये सरकारने परळचा जुना गव्हर्नरचा बंगला त्याच्या प्रयोगशाळेला दिला. वय ३९. इथपर्यंत ही यशाची गोष्ट.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला आणि तिथून लाखांनी डोसची मागणी आली. इतकं उत्पादन काढायचं म्हणून हाफकिनने पद्धत थोडी बदलली. कार्बोलिक ॲसिड वगळलं, नुसत्या उष्णतेवर भर दिला. पाश्चर संस्थेत हे आधीपासून चालू होतं. ३० ऑक्टोबर १९०२ ला मलकोवाल नावाच्या गावात, आता ते पाकिस्तानात आहे, १०७ लोकांना लस टोचली. त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या. त्यातल्या ५३-एन नंबरच्या एका बाटलीतून १९ जणांना टोचलं. साधारण आठवड्याभराने त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ मेले. बाकी ८८ जणांना काहीही झालं नाही.

म्हणजे एवढं नक्की की विष बाटलीतून आलं. पण बाटलीत ते कधी शिरलं? परळला भरताना, ४१ दिवस आधी? की मलकोवालला बूच काढताना? सगळी केस या एका प्रश्नावर उभी होती.

सरकारने तीन जणांचा चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. बरोबर दोन डॉक्टर. म्हणजे न्यायाधीशाला विज्ञान कळलं नाही असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही, शेजारी दोन जाणकार बसले होते. आयोगाने निष्कर्ष काढला की बाटली मलकोवालला उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, आणि कार्बोलिक वगळणं ही गंभीर चूक. झालं. हाफकिन परळमधून बाहेर. १९०४ मध्ये तो इंग्लंडला गेला. तेव्हा त्याच्या नावावर १९ मृत्यू होते.

आता पुरावा काय होता ते बघा. व्हायवाला बसल्यासारखं एकेक घ्या.

पहिली गोष्ट, वास. धनुर्वाताचे जंतू रश्श्यात ४१ दिवस वाढले तर बाटली उघडताच घाण वास सुटायला हवा. टोचणाऱ्या डॉक्टरने टोचण्याआधी बाटली हुंगली होती आणि त्याला वास आला नव्हता. दुसरी, दिवस. बंद बाटलीत ४१ दिवस जंतू वाढले असते तर तयार विष भरपूर साठलं असतं आणि माणसं लवकर आजारी पडली असती. इथे आठवडा लागला, जखमेत माती जाऊन धनुर्वात होतो तेव्हा लागतो तसा. म्हणजे आत गेले ते थोडे, ताजे जंतू. तिसरी, कार्बोलिक. लशीत ते ज्या प्रमाणात घालत, त्याने धनुर्वाताचे बीजाणू मरतच नाहीत. म्हणजे ते वगळलं म्हणून काही बिघडलं नव्हतं आणि घातलं असतं तरी माणसं वाचली नसती. आणि चौथी गोष्ट, जी वाचून मी खाटेवरून उठून बसलो. बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. गावातली जमीन, शेणामातीची, म्हणजे धनुर्वाताचं घरच. नियम असा होता की चिमटा ज्योतीवर तापवायचा. त्याने तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला आणि त्यानेच बूच ओढलं.

हे सगळं चौकशीच्या कागदांत होतं! कुणी लपवलं नव्हतं. कागद होते, साक्षी होत्या, तज्ज्ञ होते. पण जमिनीवर पडलेला चिमटा आणि न आलेला वास एकमेकांशेजारी ठेवून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. की आणायचं नव्हतं? माझं मत असं की दोन्ही. सरकारी लसीकरणातल्या माणसाची चूक निघण्यापेक्षा परक्या रशियनाची निघालेली सोयीची होती. पण सोयीचा निष्कर्ष टिकला तो प्रश्न विचारणारे कच्चे होते म्हणून.

सगळे कागद जाहीर व्हायला १९०६ उजाडलं. मग रोनाल्ड रॉस, मलेरियाचे नोबेलवाले, पेटून उठले. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही पुरावा तपासून सांगितलं की बाटली बहुधा मलकोवालला उघडतानाच दूषित झाली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रॉससकट दहा शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र आलं. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावरचा खोटा आरोप नुकताच पुसला गेला होता, म्हणून लोकांनी याला छोटं ड्रायफस प्रकरण असंही नाव दिलं. १९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिनला परत नोकरी देऊ केली. पाच वर्षांनी!

परत आला खरा, पण परळला नाही. तिथली खुर्ची भरलेली होती. त्याला कलकत्त्याला बसवलं, आणि जे काम त्याला येत होतं, म्हणजे माणसांवर लशीच्या चाचण्या, ते करायला दिलं नाही. १९१५ मध्ये तो ५५ व्या वर्षी निवृत्त होऊन युरोपात गेला, फारसं नवं काही न करता. लग्न केलं नव्हतं. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं. २६ ऑक्टोबर १९३० ला तो स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारला. १९६४ मध्ये आपल्या पोस्टाने त्याचं तिकीट काढलं.

आता कायदा बदललाय. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फोरेन्सिकचा माणूस जागेवर जाऊन पुरावा गोळा करणार (राज्यांना हे सुरू करायला ५ वर्षांपर्यंत मुदत आहे), जप्तीचं व्हिडिओ शूटिंग होणार. चांगलंच आहे. दुसऱ्याची म्हैस मारायला शिक्षा ५ वर्षांपर्यंत, त्यामुळे मामा यात बसत नाहीत, ते सोडा. पण माणूस जागेवर गेला, शूटिंग झालं, रिपोर्ट आला, तरी तो वाचणार कोण? आपल्याकडे न्यायाधीशांसाठी उत्तनला अकादमी आहे, पोलिसांसाठी नाशिकला, प्रयोगशाळा कलिन्याला. मला वाटतं यांना आणि सरकारी वकिलांना, बचावाच्या वकिलांनाही, दोन दिवस एका खोलीत बसवावं, आपल्या प्रॅक्टिकलच्या बॅचसारखं, आणि समोर फक्त मलकोवालचे कागद ठेवावेत. शेवटचं पान काढून घ्यायचं. बाटली कधी दूषित झाली ते सांगा. फौजदाराला कळेल वकील काय विचारणार आहे, वकिलाला कळेल प्रयोगशाळा काय सांगू शकते आणि काय नाही, आणि न्यायाधीशांना कळेल की तज्ज्ञ शेजारी बसला म्हणजे आपला प्रश्न विचारून झाला असं नाही. आणि मित्रांनो, हसू नका, उद्या बॉयलर फुटला किंवा पूल पडला तर त्या पिंजऱ्यात तज्ज्ञ म्हणून आपल्यापैकीच कुणीतरी उभा असणार आहे. आपलं जर्नल आपण कसं लिहितो ते आपल्यालाच माहीत.

दिवाळीत मामा निडीला आले होते तेव्हा त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. डॉक्टरने बाटली हुंगली होती तिथे त्यांनी मला थांबवून पुन्हा सांगायला लावलं. जेवणं झाल्यावर ओटीवर गेलो तर मामा कोनाड्यातली रॉकेलची बाटली हातात घेऊन बसले होते. कोल्ड्रिंकचीच होती. बूच काढून त्यांनी वास घेतला, बूच घट्ट लावलं, आणि आईकडे पेन मागितलं, वर नाव लिहायला.