श्वास मोजणारा वैद्य

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयरोगाने इंग्लंडमध्ये थैमान घातले होते. हा रोग चोरपावलांनी येई. खोकला, ज्वर आणि कृशता ही लक्षणे स्पष्ट दिसू लागेपर्यंत रोग्याची फुप्फुसे बहुधा पोखरलेली असत. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली शोधलेल्या स्टेथॉस्कोपने छातीतील आवाज ऐकता येत. परंतु फुप्फुसांत हवा किती मावते, हे त्यावरून कळत नसे. ती हवा मोजण्याचा ध्यास एका इंग्रज वैद्याने घेतला. त्याचे नाव जॉन हचिन्सन.

हचिन्सनचा जन्म १८११ साली न्यूकॅसल शहराजवळील रायटन या गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन तो लंडनमध्ये शस्त्रवैद्य झाला. तेथील एका विमा कंपनीसाठी तो लोकांची प्रकृती तपाशीत असे. वरून धडधाकट दिसणारा मनुष्य आतून खरोखरच निरोगी आहे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे नित्य उभा राही. त्याचे उत्तर केवळ अंदाजाने देणे त्याला रुचेना.

त्याने एक यंत्र तयार केले. पाण्याने भरलेल्या उभ्या पात्रात दुसरे पात्र उपडे बसविले. ते सहज वर-खाली व्हावे म्हणून कप्प्यांवरून दोर घेऊन त्यांना वजने अडकविली. उपड्या पात्राच्या आत एक नळी नेली. मनुष्याने ताठ उभे राहून छाती भरेल इतका श्वास घ्यावा आणि नळीतून तो सर्व सावकाश सोडावा. आत शिरलेल्या हवेने ते पात्र वर उचलले जाई आणि शेजारच्या मापपट्टीवर हवेचे माप घन इंचांत वाचता येई. या यंत्रास त्याने स्पायरोमीटर, म्हणजे श्वासमापक, असे नाव दिले. एका पूर्ण श्वासात भरून बाहेर टाकता येणाऱ्या हवेच्या मापास त्याने ‘व्हायटल कपॅसिटी’ म्हटले. मराठीत तिला प्राणक्षमता म्हणता येईल.

परंतु नुसते यंत्र असून काय उपयोग? निरोगी माणसाचे माप ठाऊक असल्याखेरीज रोग्याचे उणेपण कसे कळणार? म्हणून हचिन्सनने शेकडो दारे ठोठावली. खलाशी, पोलीस, आगीचे बंबवाले, छापखान्यातील कामगार, मुष्टियोद्धे, निराधार गरीब आणि सुखवस्तू गृहस्थ अशा २,१३० जणांचे श्वास त्याने मोजले. तेव्हा एक नियम त्याच्या ध्यानी आला. उंची एक इंचाने वाढली की प्राणक्षमता सुमारे आठ घन इंचांनी वाढते! उंचीवरून अपेक्षित माप ठरविता येऊ लागले आणि त्याहून फार कमी भरणारा श्वास ही धोक्याची सूचना ठरली.

या सूचनेचे मोल एका उदाहरणाने पटले. फ्रीमन नावाचा सुमारे सात फूट उंचीचा अमेरिकन मल्ल १८४२ साली इंग्लंडात आला. हचिन्सनने त्याचा श्वास मोजला, तेव्हा तो विलक्षण मोठा भरला. दोन वर्षांनी पुन्हा मोजला, तो बराच घटलेला आढळला. छाती तपासणाऱ्या कुशल वैद्यांना मात्र रोगाची निश्चित खूण सापडेना. १८४५ साली तो धिप्पाड पुरुष क्षयाने मरण पावला. यंत्राने धोका आधीच दाखविला होता. पण क्षयावर त्या काळी औषधच नव्हते.

१८४६ साली हचिन्सनने आपले संशोधन लंडनच्या वैद्यांपुढे मांडले. पुढे १८५२ साली तो ऑस्ट्रेलियास गेला व तेथून फिजी बेटांत पोहोचला. तेथेच १८६१ साली, मायदेशापासून हजारो कोस दूर, त्याचा अंत झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

त्याचे यंत्र मात्र राहिले. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांतून विद्यार्थी त्यावर आपला श्वास मोजू लागले. आज पाण्याच्या पात्रांची जागा हातात मावणाऱ्या विद्युत्‌-उपकरणांनी घेतली आहे आणि दम्यासारख्या विकारांची परीक्षा त्यांनी होते. रोग्यास खोल श्वास घेऊन जोराने सोडावयास जेव्हा डॉक्टर सांगतात, तेव्हा ते हचिन्सनने दाखविलेल्या वाटेनेच चाललेले असतात. जो श्वास आपण न कळत घेतो व सोडतो, त्याचे मोल त्याने अंकांत दाखवून दिले.