यंत्राला इंग्रजी शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

बँकेच्या खात्याचा हिशेब सलग तीन महिने जुळत नव्हता. खातेदार बाई गणितात येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेल्या, महाविद्यालयात एक तप गणित शिकविलेल्या. अखेर बँकेत काम करणाऱ्या भावाने काही संध्याकाळी खर्ची घातल्या आणि चूक शोधून काढली. बाई मधूनच दशमान पद्धत सोडून अष्टमान पद्धतीने वजाबाकी करीत होत्या. शून्य ते सात एवढेच अंक असलेल्या त्या पद्धतीत १२ मधून ५ वजा केले, की ७ नव्हे, ५ उरतात!

या बाई म्हणजे ग्रेस हॉपर. १९४९ मध्ये फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली कंपनीत त्या रुजू झाल्या, तेव्हा तेथील ‘बायनॅक’ हा संगणक अष्टमान पद्धतीने चालत असे. त्याआधीची पाच वर्षे त्यांनी दशमान पद्धतीच्या यंत्रावर काढली होती. नव्या यंत्रासाठी त्यांनी आठाच्या हिशेबातील बेरीज, वजाबाकी, गुणाकार, एवढेच नव्हे तर भागाकारही घोटून घेतला. तो इतका अंगवळणी पडला, की घरचे अंकगणित बिघडले. यंत्राची भाषा माणसाने किती म्हणून शिकायची, हा प्रश्न त्यांच्यापुरता तेव्हा अगदी घरगुती झाला होता.

न्यूयॉर्क येथे ९ डिसेंबर १९०६ रोजी त्यांचा जन्म झाला. सात वर्षांच्या असताना घरातील गजराची घड्याळे एकापाठोपाठ एक उघडून पाहण्याचा उद्योग त्यांनी केला होता. व्हासार महाविद्यालयातून पदवी आणि १९३४ मध्ये येलची डॉक्टरेट मिळाली. व्हासारमध्ये शिकवताना त्या विद्यार्थिनींकडून गणिताच्या एखाद्या सूत्रावर निबंध लिहून घेत. हा तास गणिताचा की इंग्रजीचा, अशी कुरबूर होई. परंतु जे समजले ते दुसऱ्याला सांगता येत नसेल तर ते गणित काय कामाचे, यावर बाई ठाम होत्या. पुढच्या साऱ्या आयुष्याचे बीज मला या निबंधांत दिसते.

युद्ध सुरू होते. १९४३ च्या डिसेंबरात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. वजन कमी भरल्यामुळे खास सवलत घ्यावी लागली. १९४४ च्या जुलैत त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकन यांच्या ‘मार्क १’ या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर झाली. या यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या कागदी फितीवर भोके पाडून. फितीच्या एका ओळीत चोवीस भोकांची जागा. संख्या कोठून उचलायची, कोठे टाकायची आणि तिचे करायचे काय, एवढे त्यातून सांगायचे. शिकवायला गुरू नाही, वाचायला पुस्तक नाही. पुस्तक पुढे त्यांनीच लिहिले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेली या यंत्राची माहितीपुस्तिका पाचशेहून अधिक पानांची आहे.

हार्वर्डमधील मुदत संपली, तेथे कायमचे स्थान मिळाले नाही. १९४५ मध्ये घटस्फोट झाला होता. त्या काळात मद्यपानाने त्यांना घेरले होते, हेही चरित्रकारांनी नोंदविले आहे. बायनॅकचे अष्टमान अंकगणित त्यांनी आत्मसात केले ते अशा दिवसांत, चाळिशी उलटल्यावर.

त्यानंतर आला ‘युनिव्हॅक’. त्याची भाषा आणखी तिसरीच. मात्र त्यात बेटी होल्बर्टन यांनी एक सोय केली होती. बेरजेसाठी, गुणाकारासाठी त्या त्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर वापरले जाई. हॉपरबाईंना ही कल्पना फार मोलाची वाटली. यंत्र अक्षर समजू शकते, तर शब्द का नाही?

दुसरी प्रेरणा मिळाली ती चुकांतून. एकदा बरोबर चाललेला आज्ञांचा तुकडा प्रोग्रॅमर वहीत उतरवून ठेवीत व सहकाऱ्यांच्या वह्यांतून हवा तो तुकडा नकलून घेत. नव्या जागी तो बसवताना प्रत्येक आज्ञेतील पत्त्यात ठरावीक आकडा मिळवावा लागे. नक्कल करताना अक्षर चुके, मिळवताना बेरीज चुके. ही दोन्ही कामे माणसाला नीट जमत नाहीत, यंत्राला जमतात, मग ती यंत्रालाच का देऊ नयेत, असा बाईंचा साधा विचार होता. सर्व तुकडे चुंबकीय फितीवर ठेवायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि क्रमांक सांगितला की यंत्राने ते शोधून जोडून द्यायचे. ‘ए-०’ या नावाने हा कंपायलर १९५२ पर्यंत तयार झाला. आजच्या अर्थाने तो कंपायलर नव्हे, असे जाणकार म्हणतात. ते बरोबरही आहे, पण वाट तेथूनच फुटली.

चालू यंत्र समोर असूनही लोक विश्वास ठेवीनात. संगणक आकडेमोड करतो, तो आज्ञावली लिहू शकत नाही, असे त्यांना ऐकविले जाई. विरोध केवळ वरिष्ठांचा नव्हता. ज्यांनी जुनी सांकेतिक भाषा कष्टाने कमावली होती, त्या प्रोग्रॅमरांनाही हे कंपायलर रुचत नव्हते. नवी भाषा म्हणजे आपली विद्या स्वस्त होणार, हे त्यांनी ओळखले होते. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. हॉपरबाईंचे वेगळेपण एवढेच, की मोडीत निघणारी विद्या सर्वांत आधी त्यांची स्वतःची होती.

१९५५ च्या प्रारंभी त्यांनी कंपनीच्या व्यवस्थापनापुढे इंग्रजी शब्दांत लिहिलेली छोटी आज्ञावली चालवून दाखविली. मग तीच फ्रेंच शब्दांत, तीच जर्मन शब्दांत. यंत्राला सारे शब्द सारखेच, एवढेच त्यांना सुचवायचे होते. परंतु फिलाडेल्फियात तयार झालेला प्रतिष्ठित अमेरिकन संगणक परकी भाषा समजतो, या कल्पनेनेच वरिष्ठ हादरले. फक्त इंग्रजीच वापरू, असे पुनःपुन्हा सांगावे लागले, तेव्हा कोठे पैसे मंजूर झाले. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा आकाराला आली.

१९५९ च्या मे महिन्यात अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटॅगॉनमध्ये बैठक होऊन व्यापारी कामासाठी समाईक भाषा तयार करण्याचे ठरले. तीच ‘कोबोल’. हॉपरबाईंना तिची जननी म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात भाषा समितीने रचली, त्या सल्लागार होत्या. परंतु फ्लो-मॅटिकचा ठसा तिच्यावर उघड आहे. १९६० च्या डिसेंबरात जवळपास तीच कोबोल आज्ञावली दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालली. यंत्र बदलले की भाषाही बदलण्याची सक्ती उठू शकते, याचा तो पुरावा होता. पंडितांना मात्र ही शब्दबंबाळ भाषा कधीच आवडली नाही. डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये तिच्यावर जहरी टीका केली. तरीही नव्वदच्या दशकाअखेर ‘वायटूके’चे संकट उभे राहिले, तेव्हा महाविद्यालयात ‘सी’ शिकून आलेली मुंबई-पुण्याची मुले पुन्हा कोबोलचे धडे गिरवू लागली, हे अनेक वाचकांना स्मरत असेल.

१९६६ अखेर नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि अवघ्या सात महिन्यांत परत बोलावले. कारण पुन्हा भाषाच! प्रत्येक कंपनीचे कोबोल निराळे बोलू लागले होते. त्यांना एका मापात आणण्याचे काम सहा महिन्यांचे म्हणून सुरू झाले आणि त्यांची नौदलातील सेवा १९ वर्षे लांबली. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टन बंदरातील ‘कॉन्स्टिट्यूशन’ या जुन्या युद्धनौकेवर त्यांना निरोप देण्यात आला. त्या वेळी ७९ वर्षांच्या रिअर अॅडमिरल हॉपर या नौदलातील सेवारत अधिकाऱ्यांत सर्वांत वयोवृद्ध होत्या. त्यानंतरही १ जानेवारी १९९२ रोजी निधन होईपर्यंत त्या एका संगणक कंपनीच्या सल्लागार होत्या.

त्यांच्या कार्यालयातील भिंतीवर उलटे फिरणारे घड्याळ होते. वेळ ते अचूक दाखवी. नवा माणूस प्रथम गोंधळे. रोजच्या सहकाऱ्यांना मात्र ते काही दिवसांत सरळ वाचता येऊ लागे.