सिक्सर कुठे पडणार याचं गणित गॅलिलिओने नजरकैदेत बसून पूर्ण केलं होतं

बॉलिंग करणाऱ्याला आपण मराठीत गोलंदाज म्हणतो. पण हा शब्द मूळचा मैदानातला नाही, तोफखान्यातला आहे. तोफेतून गोळा डागणारा तो गोलंदाज. गंमत म्हणजे मारलेला बॉल हवेतून कसा जातो आणि कुठे पडतो, याचं गणितसुद्धा तोफखान्यातूनच मैदानात आलंय. ते नीट सोडवून दाखवणारा माणूस म्हणजे गॅलिलिओ गॅलिली.

गॅलिलिओ म्हटलं की आपल्याला दुर्बीण आठवते, नाहीतर पिसाचा झुकता मनोरा. पण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लांबलेली गोष्ट या फेकलेल्या गोळ्याची होती. पंचविसेक वर्षं हे काम त्याच्या कागदांत पडून होतं.

त्याचा जन्म १५६४ मध्ये पिसाचा. वडील विन्चेन्झो ल्यूट वाजवायचे, संगीतावर पुस्तकं लिहायचे आणि तारांवर प्रयोगही करायचे. पोराने डॉक्टर व्हावं म्हणून त्याला पिसाच्या विद्यापीठात घातलं, पण त्याचा जीव गणितात अडकला. १५८५ मध्ये डिग्री न घेताच तो बाहेर पडला. तरी १५८९ मध्ये त्याच विद्यापीठात गणित शिकवायला लागला आणि १५९२ मध्ये पादुआला गेला.

पादुआ तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात होतं. आदल्याच वर्षी वडील गेले होते, त्यामुळे घरची जबाबदारी आणि बहिणींच्या हुंड्याचा बोजा गॅलिलिओवर आला. पगार पुरेना. मग त्याने घरी विद्यार्थी ठेवले, शिकवण्या घेतल्या आणि तोफेचा कोन, गोळ्याचं वजन असले हिशोब करून देणारं एक उपकरण बनवून विकायला सुरुवात केली.

गोळा हवेत नेमका कसा जातो, हे मात्र तेव्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं. जुनी समजूत अशी की गोळा आधी सरळ जातो, जोर संपला की खाली पडतो. टार्टाग्लिया नावाच्या गणितज्ञाने १५३७ मध्ये पुस्तक लिहून ४५ अंशांवर तोफ लावली तर गोळा सगळ्यात लांब जातो असं सांगितलं होतं. तोफवाल्यांनाही हे अनुभवाने माहीत होतं. पण ४५च का? याचं पक्कं उत्तर नव्हतं.

गॅलिलिओने आधी नुसतं पडणं समजून घेतलं. सरळ पडणारी वस्तू इतकी वेगात जाते की तेव्हाच्या घड्याळांनी ती मोजणं अशक्य. म्हणून त्याने उतरत्या फळीला खाच पाडली, त्यातून गोळी सोडली आणि भांड्यातून बारीक धारेने गळणारं पाणी तोलून वेळ काढली. हिशोब निघाला तो असा: सारख्या वेळांत गोळी १, ३, ५, ७ अशा पटीत अंतर कापते.

मग १६०८ च्या सुमारास त्याने गोळी फळीवरून टेबलावर आणि तिथून आडवी हवेत सोडली. ती जमिनीवर कुठे पडते ते मोजलं. तो कागद आजही फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. ३०० एकक उंचीवरून सोडलेली गोळी ८०० एककांवर पडली. एक एकक म्हणजे साधारण एक मिलिमीटर. त्या हिशोबाने १००० उंचीवरून ती १४६० वर पडायला हवी होती, पडली १५०० वर. फरक ४०, हेही त्याने तिथेच लिहून ठेवलंय. आकडे जुळवून घेतले नाहीत.

त्यातून हाती आलेली गोष्ट सोपी वाटते, पण तोवर कुणी ती अशी मांडली नव्हती. हवेतला चेंडू एकाच वेळी दोन कामं करतो. आडवा तो एकसारख्या वेगाने जातो, आणि त्याच वेळी पडणाऱ्या कुठल्याही वस्तूसारखा खाली ओढला जातो. दोन्ही गती एकमेकींच्या मध्ये येत नाहीत. दोन्ही एकत्र केल्या की जो बाक तयार होतो तो पॅराबोला, म्हणजे आपल्या गणितातला अन्वस्त.

आजच्या आकड्यांत करून बघा. फुटबॉलला सेकंदाला २० मीटर वेगाने, ३० अंशांत किक मारली. वर जाण्याचा वेग १०, आडवा वेग १७.३. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ९.८ ने वरचा वेग खातं, म्हणून बॉल साधारण १.०२ सेकंद चढतो, तेवढाच वेळ उतरतो. एकूण २.०४ सेकंद. गुणिले १७.३, म्हणजे ३५.३ मीटर. आता ६० अंशांत मारा. वेगांची अदलाबदल होते, बॉल ३.५३ सेकंद हवेत राहतो, पण अंतर पुन्हा ३५.३ मीटरच! ४५ अंशांत मात्र ४०.८ मीटर. म्हणजे उंच उडवलेल्या बॉलखाली यायला फिल्डरला दीड सेकंद जास्त मिळतो, कॅच तिथेच जातो. गॅलिलिओकडे ९.८ हा आकडा नव्हता, आपली ही सूत्रंही नव्हती. त्याने सगळं भूमितीने आणि गुणोत्तरांनी सिद्ध केलं.

एवढं हातात असताना त्याने ते छापलं नाही. कारण १६०९ मध्ये दुर्बीण आली, गुरूचे चंद्र दिसले, तो फ्लॉरेन्सला गेला आणि पृथ्वी फिरते की सूर्य या भांडणात सापडला. पृथ्वी फिरत असेल तर वर फेकलेला दगड मागे का पडत नाही, हा विरोधकांचा आवडता प्रश्न. याचं उत्तर त्याच्या गोळीतच होतं. १६३२ च्या पुस्तकात त्याने संथ चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण दिलं: आत मित्राकडे काही फेकलं तर पुढच्या दिशेला जास्त जोर लावावा लागत नाही.

त्याच वर्षी त्याचा चाहता काव्हालिएरी याने आरशांवरच्या पुस्तकात पॅराबोलाची गोष्ट छापून टाकली. नाव गॅलिलिओचंच घेतलं होतं, तरी म्हातारा जाम दुखावला. आयुष्यभराच्या कामाचं पहिलं फळ दुसऱ्याने तोडलं असं त्याला वाटलं. काव्हालिएरीने माफी मागितली.

पण खरं संकट वेगळंच होतं. २२ जून १६३३ ला रोममध्ये चर्चच्या न्यायालयाने त्याला गुडघ्यावर बसवून मतं मागे घ्यायला लावली. पुढे आर्चेत्रीच्या घरात नजरकैद. जवळच्याच मठात त्याची लाडकी मुलगी मारिया चेलेस्ते होती. एप्रिल १६३४ मध्ये तीही गेली, वय ३३.

सत्तरीतल्या त्या माणसाने जुने कागद बाहेर काढले. पुस्तक छापायला इटलीत परवानगी मिळणं शक्य नव्हतं. हस्तलिखित बाहेर गेलं आणि १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापलं. आपल्या नकळत छापलं गेलं, असा देखावा त्याने केला. त्यात पॅराबोला होता, ४५ अंशांची सिद्धता होती, कोनवार पल्ल्यांची कोष्टकं होती. हवेमुळे, खासकरून फार वेगवान तोफगोळ्यांच्या बाबतीत, हा हिशोब बिघडतो हेही त्याने त्यातच सांगितलं. आपला सिक्सर कागदावरच्या आकड्याच्या अलीकडे पडतो तो याच हवेमुळे.

पुस्तक छापून आलं तेव्हा त्याचे दोन्ही डोळे गेलेले होते. स्वतःचं छापील पुस्तक तो फक्त हातात धरू शकला. शेवटच्या दिवसांत विव्हियानी आणि टोरिसेली हे तरुण त्याचं लिहून घ्यायचे. ८ जानेवारी १६४२ ला तो वारला. दोनच वर्षांनी टोरिसेलीने फेकलेल्या वस्तूंचं ते गणित आणखी वाढवून छापलं, आणि यावेळी फ्लॉरेन्समध्येच.