खरखर ऐकणारा माणूस

आमच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. पावसाळ्यात वीज चमकली की त्यातून कडकड आवाज येई आणि वडील वैतागून उठत. खरखर म्हणजे कटकट, ती घालवायची असते, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

पुढे एका विज्ञानदिनी मुलांना घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला गेलो. हिरव्या शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या जाळीच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. अशा एकूण ३०, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कर्तबगारी! माहिती देणाऱ्या तरुणाने ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरींची तीव्रता जान्स्कीमध्ये मोजतात, असे सांगितले. धाकट्याने मला हळूच विचारले, जान्स्की म्हणजे कोण? मला सांगता आले नाही. घरी येऊन शोधू लागलो आणि एक चटका लावणारी कहाणी हाती आली.

कार्ल जान्स्कीचा जन्म २२ ऑक्टोबर १९०५ रोजी अमेरिकेत, ओक्लाहोमातील नॉर्मन येथे झाला. वडील अभियांत्रिकीचे प्राध्यापक. कार्ल विस्कॉन्सिन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकला. पण ऐन तारुण्यातच मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला गाठले. त्यामुळे १९२८ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळा त्याला नोकरी द्यायला कचरत होती. थोरल्या भावाने शब्द टाकला, तेव्हा कुठे काम झाले. प्रकृतीला मानवेल म्हणून त्याला न्यू यॉर्कऐवजी न्यू जर्सीच्या मोकळ्या हवेत पाठवण्यात आले.

अटलांटिकपलीकडे बिनतारी टेलिफोन नुकताच सुरू झाला होता. त्यात येणारी खरखर कुठून येते ते शोधायचे, हे त्याचे काम. होल्मडेलच्या माळावर त्याने सुमारे ३० मीटर लांबीचा अँटेना उभारला आणि तो फोर्ड मोटारीच्या चाकांवर बसवला. दर २० मिनिटांनी एक फेरा! सहकारी त्याला गमतीने चक्रीपाळणा म्हणत.

कार्लला तीन प्रकारचे आवाज सापडले. जवळच्या वादळांचा, दूरच्या वादळांचा, आणि तिसरा एक मंद, अखंड फुसफुसणारा. हा तिसरा कुणाचा? प्रथम त्याला वाटले, सूर्याचा. पण महिने उलटले तसा आवाज सूर्यापासून दूर सरकू लागला. तो दर २४ तासांनी नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनी परत येई. या चार मिनिटांतच सारे गूढ होते. तारे रोज चार मिनिटे आधी उगवतात. म्हणून तर थंडीत रात्रभर दिसणारे मृग वैशाखात संध्याकाळीच मावळायला टेकते. म्हणजे हा आवाज ताऱ्यांच्या दुनियेतला! त्याची दिशा धनु राशीकडची, आपल्या आकाशगंगेच्या मध्याची निघाली.

५ मे १९३३ रोजी ही बातमी न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकली. त्याच महिन्यात ती फुसफुस नभोवाणीवरून लोकांना ऐकवण्यातही आली. आणि मग? मग फारसे काही झाले नाही. खगोलशास्त्रज्ञांना रेडिओ कळत नव्हता, कंपनीला तारे नको होते. टेलिफोनला या आवाजाचा फारसा उपद्रव नाही, एवढे समजल्यावर कार्लला दुसऱ्या कामांना जुंपण्यात आले.

पुढे त्याच्या वरिष्ठांनी लिहिले, की संशोधन चालू ठेवण्याची इच्छा त्याने कधी बोलूनच दाखवली नव्हती. आईवडिलांना लिहिलेल्या पत्रांत मात्र ही तळमळ दिसते. खरे कोणाचे? मला वाटते, दोघांचेही खरे असेल. मंदीचे दिवस, पाठीशी दुखणे, पदरी बायको आणि दोन मुले, आणि नोकरी मिळाली तीही भावाच्या शब्दावर. असा माणूस साहेबापुढे हट्ट धरत नाही. तो घरी पत्र लिहितो. आपल्यापैकी कितीजणांनी असेच काही मनातल्या मनात ठेवले असेल!

काम वाया मात्र गेले नाही. ग्रोट रेबर नावाच्या तरुण अभियंत्याने १९३७ साली इलिनॉयमध्ये आपल्या परसात स्वखर्चाने तबकडी उभारली आणि कार्लचे म्हणणे पडताळून दाखवले. महायुद्धानंतर तर ही विद्या जगभर फोफावली. पण कार्लच्या हाती फार दिवस नव्हते. १४ फेब्रुवारी १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी तो गेला. त्याच होल्मडेलमध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी १९६४ साली अशाच एका न हटणाऱ्या खरखरीचा पिच्छा पुरवला. ती निघाली विश्वाच्या जन्मकाळची खूण, आणि १९७८ साली त्यांना नोबेल मिळाले. १९७३ साली जान्स्की हे मापनाच्या एककाचे नाव झाले, आणि २०१२ साली न्यू मेक्सिकोतल्या विशाल दुर्बीणसमूहालाही त्याचेच नाव देण्यात आले.

एक जान्स्की ही कल्पनेपलीकडची क्षीण तीव्रता. खोडदच्या तबकड्या तर त्याच्याही लाखाव्या हिश्श्याचा माग काढतात. धाकट्याला मी हे सारे सांगितले. तो म्हणाला काहीच नाही. रात्री मात्र जुन्या ट्रान्झिस्टरचा काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवून तो बराच वेळ कान लावून बसला होता. मी बंद कर म्हटले नाही.