हुद्दा : कॉम्प्युटर

भूगोलाच्या तासाला आपण एव्हरेस्टची उंची घोकली, पण ती मोजली कोणी, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. सर-बाईंचा दोष नाही, पुस्तकातच ते नव्हतं. पुढे सॉफ्टवेअरच्या नोकरीत शिरल्यावर कळलं, की ‘कॉम्प्युटर’ हा एके काळी माणसाचा हुद्दा होता. त्या हुद्द्यावरचे राधानाथ सिकदर मला आमच्या धंद्यातले पूर्वज वाटतात.

जन्म १८१३ चा, कलकत्त्यातला. हिंदू कॉलेजात गणितात तयार झाले आणि १८३१ मध्ये सर्व्हे खात्यात महिना ३० रुपयांवर लागले. १८४३ मध्ये डेहराडूनला एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांना वेठीला धरून स्वतःचं सामान वाहायला लावलं. राधानाथ आडवे आले. खटला झाला, २०० रुपये दंड बसला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हिशेबापेक्षा मला हेच जास्त भावलं.

१८४९ पासून ते कलकत्त्यात मुख्य कॉम्प्युटर होते. बिहारच्या सपाटीवरून, दीडशे किलोमीटरहून लांबून, ‘शिखर १५’ चे कोन घेतले होते. पृथ्वीची गोलाई आणि हवेत वाकणारा प्रकाश यांची दुरुस्ती करत हाताने हिशेब करायचा. उंची निघाली २९,००२ फूट, जाहीर झाली १८५६ मध्ये. राधानाथ धावत साहेबांच्या खोलीत शिरले, ही गोष्ट रंगवून सांगतात. पण साहेब, म्हणजे अँड्र्यू वॉ, तेव्हा डेहराडूनला! काम अनेकांचं होतं, एकट्याचं नव्हे. नाव मात्र दिलं गेलं १८४३ मध्येच निवृत्त झालेल्या जॉर्ज एव्हरेस्टचं.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. १८५१ मध्ये खात्याने सर्वेक्षणाचं मॅन्युअल काढलं. त्यातला शास्त्रीय, गणिताचा भाग राधानाथांचा होता, आणि प्रस्तावनेत तसं नावानिशी नोंदवलेलं होतं. १८७० मध्ये ते वारले. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर तसाच राहिला, नाव तेवढं गेलं. आमच्याकडे कोडच्या फाइलीवर लिहिणाऱ्याचं नाव असतं, ते पुसलं तरी जुन्या नोंदीत सापडतं. इथेही पहिली आवृत्ती लोकांच्या कपाटात होतीच. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या कलकत्त्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रात या प्रकाराचा निषेध छापून आला.

२००४ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. आपल्या बॅचमध्ये तिकिटं जमवणारे बरेच होते. कुणाकडे असेल तर संमेलनाला जरूर घेऊन या.